मार्क रेकॉर्डमधून वर्क-एक्स्प्रेशन काढायचं म्हणजे प्रत्यक्षात काय काय करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा की ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधे दोन लाखाच्या आसपास मार्क २१ (पुस्तकाची माहिती मशीनला वाचता येईल अशी नोंदवायचा फॉरमॅट) रेकॉर्ड आहेत, एका पुस्तकाच्या वीस आवृत्त्या आणि पाच भाषांतरं असली की सर्चमधे पंचवीस सुट्या ओळी येतात, तर हे सगळं वर्क (मूळ कृती), एक्स्प्रेशन (तिचं एखादं रूप, उदाहरणार्थ भाषांतर), मॅनिफेस्टेशन (छापलेली आवृत्ती) आणि आयटम (शेल्फवरची प्रत) ह्या चार पातळ्यांच्या मॉडेलमधे कसं न्यायचं, तयार स्क्रिप्टनं भागतं का, आणि बिबफ्रेम घ्यायचं की एलआरएम (बिबफ्रेम हा मार्कच्या जागी आणायचा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा डेटा-आराखडा, एलआरएम हे इफ्ला ह्या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं वरच्या चार पातळ्यांचं मॉडेल). मी बरीच वर्षं हेच करतोय त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

स्क्रिप्टनं भागतं का, तर नाही. फॉरमॅट बदलायचं काम स्क्रिप्ट एका रात्रीत करेल, त्यात काही विशेष नाही, पण कॅटलॉगरनं जे कधी लिहिलंच नाही ते स्क्रिप्ट कुठून आणणार? मार्क हे १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे हेन्रिएट एव्हरम यांच्या पुढाकारानं तयार झालं ते कार्डावरची माहिती मशीनला वाचता यावी म्हणून, आणि कार्डावर काय असायचं तर हातात असलेल्या पुस्तकाचं वर्णन. वर्क ही भानगड एफआरबीआर (एलआरएमच्या आधीचं मॉडेल) म्हणून इफ्लानं १९९८ साली छापली, म्हणजे तोपर्यंत कोट्यवधी रेकॉर्ड बनून गेले होते. त्यामुळे जुन्या रेकॉर्डमधे वर्क कुठेच सलग नसतं, त्याच्या फक्त खुणा असतात आणि आपल्याला त्या खुणांवरून अंदाज बांधायचा असतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, कारण अंदाज हा कायम चुकू शकतो आणि पुढेमागे सुधारावा लागतो हे धरूनच सिस्टिम बांधली जाते.

एकच रेकॉर्ड उघडून बघा. त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं फील्ड असतं आणि फील्डच्या आत अक्षरांचे किंवा अंकांचे सबफील्ड. १०० मधला लेखक वर्कचा. २४० मधलं युनिफॉर्म टायटल (सगळ्या आवृत्त्यांसाठी ठरवलेलं एकच शीर्षक) वर्कचं, पण त्याच फील्डमधला भाषेचा सबफील्ड एल मात्र एक्स्प्रेशनचा. २४५ मधलं शीर्षक मॅनिफेस्टेशनचं, म्हणजे टायटल पेजवर जे छापलंय ते. भाषा ००८ च्या ३५ ते ३७ ह्या जागांवर आणि ०४१ मधे, ती एक्स्प्रेशनची. आयएसबीएन, प्रकाशक, साल, पानं हे मॅनिफेस्टेशन. दाखल क्रमांक आणि शेल्फवरची जागा आयटम. आणि ७०० मधे जो दुसरा माणूस बसलाय तो अनुवादक असेल तर एक्स्प्रेशनचा, सहलेखक असेल तर वर्कचा, प्रस्तावना लिहिणारा असेल तर खरं म्हणजे दुसऱ्याच एका छोट्या वर्कचा, आणि सबफील्ड ई किंवा ४ मधे त्याची भूमिका लिहिलेली नसली (बहुतेक वेळा नसतेच) की तो कोण हे २४५ च्या सबफील्ड सी मधलं वाक्य वाचून ठरवावं लागतं. चारही पातळ्यांची अशी खिचडी एका रेकॉर्डमधे असते आणि ती वेगळी करणं हा कामाचा सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा भाग म्हणजे ह्या रेकॉर्डमधलं वर्क आणि त्या रेकॉर्डमधलं वर्क एकच आहे हे ठरवणं.

ते ठरवायची सर्वमान्य पद्धत म्हणजे ‘की’ (इंग्रजी key, जुळवायला वापरायची ओळख) बनवणं. लेखक अधिक शीर्षक. २४० किंवा १३० (तेही युनिफॉर्म टायटलच) असेल तर ते घ्या, नसेल तर २४५ चा सबफील्ड ए, अक्षरं नॉर्मलाइझ करा, चिन्हं काढा, की सारखी आली की एक वर्क. ओसीएलसी ह्या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचा वर्क-सेट अल्गोरिदमही मुळात ह्याच धर्तीवर चालायचा, फक्त लेखकाचं नाव आधी ऑथॉरिटी फाइलमधून (नावांच्या प्रमाण रूपांच्या यादीतून) तपासून मग की बनवायची, आणि तेच महत्त्वाचं. दोन लाख रेकॉर्ड एकमेकांशी जोडीजोडीनं ताडायचे म्हटले तर जवळजवळ दोन हजार कोटी तुलना होतात, म्हणून आधी लेखकाच्या कीवर गठ्ठे पाडा आणि फक्त गठ्ठ्याच्या आत तुलना करा, साध्या लॅपटॉपवर होतं.

२४५ घेताना सबफील्ड एन आणि पी विसरू नका. भाग क्रमांक आणि भागाचं नाव तिथं असतं, आणि ते सोडलं तर बारा खंडांचा ग्रंथ एकच वर्क होऊन बसतो आणि वाचकाला चौथा खंड हवा असताना पहिला मिळतो. दुसरी गोची म्हणजे ‘निवडक कविता’, ‘समग्र वाङ्मय’, ‘पत्रे’, ‘वार्षिक अहवाल’ असली शीर्षकं. एकाच कवीच्या दोन संपादकांनी काढलेल्या निवडक कविता ह्या दोन वेगळ्या निवडी असतात पण की तंतोतंत सारखी येते. अशा शीर्षकांची एक यादी करून ठेवा आणि त्या यादीत सापडलेल्या रेकॉर्डना संपादक किंवा प्रकाशक जुळल्याशिवाय एकत्र करूच नका.

आता आपल्या लिपीची गंमत. पु. ल. देशपांड्यांचं ‘वाऱ्यावरची वरात’ घ्या. त्यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड ०९३१, त्यावर हलन्त आणि मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी शीर्षकं. बरं, नॉर्मलायझेशनच्या काही तयार लायब्रऱ्या काय करतात तर अदृश्य जॉइनर सरसकट उडवून टाकतात, आणि तो उडाला की दुसऱ्या प्रकारातला ऱ्या बदलून रफारवाला र्या होतो, म्हणजे आधी न जुळणारं आता कायमचं न जुळणारं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी र-हलन्त-जॉइनर ह्या तिकडीला ऱ-हलन्त करून घ्या, मग युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणं), आणि राहिलेले जॉइनर-नॉनजॉइनर सगळ्यात शेवटी काढा. अनुस्वार की परसवर्ण (पंडित-पण्डित), जुन्या पुस्तकांतले शेवटच्या अक्षरावरचे अनुच्चारित अनुस्वार, ह्रस्व-दीर्घ, हे सगळं फक्त कीमधे सपाट करा, दाखवायच्या शीर्षकाला हात लावू नका.

लेखकाचं नाव तर विचारूच नका. ‘देशपांडे, पु. ल.’, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’, उलटं न केलेलं ‘पु. ल. देशपांडे’, शिवाय रोमन लिपीतलं रूप आणि ८८० मधे (मूळ लिपीतलं रूप ठेवायचं फील्ड) देवनागरी. स्ट्रिंग जुळवून हे सुटत नाही, आणि लिप्यंतर करून जुळवायच्या नादाला तर अजिबात लागू नका कारण रोमनमधे कुणी चिन्हं देतं कुणी देत नाही आणि ‘त’ आणि ‘ट’ एकच होऊन बसतात. एकच रस्ता आहे, ऑथॉरिटी टेबल बनवायचं, प्रत्येक माणसाला एक आयडी, त्याखाली त्याची झाडून सगळी रूपं, जमेल तिथं व्हीआयएएफ (आंतरराष्ट्रीय ऑथॉरिटी फाइल) किंवा विकिडेटाचा आयडी जोडायचा, आणि क्लस्टरिंग (एका वर्कचे रेकॉर्ड एका गटात आणणं) नावावर न करता आयडीवर करायचं. माझं स्पष्ट मत आहे की ह्या प्रोजेक्टसाठी जे काही मनुष्यबळ मिळेल त्यातलं निम्म्याहून जास्त ऑथॉरिटीच्या साफसफाईवर घालवावं, क्लस्टरिंगचा कोड कितीही हुशार असला तरी खालची नावं घाण असतील तर त्याचा काही उपयोग नाही. आणि हे काम ग्रंथपालांचं आहे, प्रोग्रामरचं नाही. दोन देशपांडे एकच का वेगळे हे ज्याला माहितीये त्यानंच ते करावं.

भाषांतरांवर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त वर्क तिथंच तुटतात. आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे १८८३ चं हॅम्लेटचं भाषांतर. कॅटलॉगमधे ते अनेकदा कसं सापडतं, तर १०० मधे आगरकर, २४५ मधे विकारविलसित, २४० नाहीच, आणि ५०० मधे एक टीप की हे शेक्सपीअरच्या नाटकाचं भाषांतर आहे. लेखक वेगळा, शीर्षक वेगळं, लिपी वेगळी, जगातला कुठलाही की-अल्गोरिदम हे हॅम्लेटला जोडणार नाही. कॅटलॉगर दक्ष असेल तर ०४१ मधे पहिला इंडिकेटर (फील्डच्या सुरुवातीचा सूचक अंक) १, सबफील्ड ए मधे मराठीचा कोड आणि सबफील्ड एच मधे इंग्रजीचा असेल, पण त्यातून एवढंच कळतं की मूळ इंग्रजी आहे, कुठलं इंग्रजी ते नाही. (जुन्या रेकॉर्डमधे दोन-तीन भाषांचे कोड एकाच सबफील्डमधे चिकटवून लिहायची पद्धत होती, म्हणून तीन अक्षरांपेक्षा लांब काही दिसलं तर तिनातिनात तोडा.) ७६५ हे फील्ड खास मूळ भाषेतल्या पुस्तकाकडे बोट दाखवायला आहे पण ते भरलेलं सापडलं तर नशीब समजा. म्हणून इथं मी करतो ते असं, ५०० च्या टिपांमधे आणि २४५ च्या सबफील्ड सी मधे ‘अनुवाद’, ‘भाषांतर’, ‘रूपांतर’, ‘आधारित’, ‘मूळ लेखक’ असले शब्द शोधून त्या रेकॉर्डची वेगळी रांग लावायची, मशीननं फक्त मूळ कृतीचा संभाव्य उमेदवार सुचवायचा आणि हो-नाही माणसानं म्हणायचं.

आणि माणूसच का, तर देवलांचं ‘झुंझारराव’ बघा. ते ऑथेल्लोवरून घेतलंय, पण नावं, वातावरण सगळं बदलून. एलआरएमच्या हिशोबानं भाषांतर हे त्याच वर्कचं नवं एक्स्प्रेशन, तर रूपांतर हे नवं वर्क, आणि दोन वर्कमधे एक नातं टाकायचं. विकारविलसित हॅम्लेटच्या पोटात जातं, झुंझारराव ऑथेल्लोच्या शेजारी बसतं. टिपेत दोन्हीकडे ‘शेक्सपीअरच्या नाटकावरून’ एवढंच लिहिलेलं असू शकतं, मशीनला फरक कळायचा कसा. तोच नियम सिनेमाला, कादंबरीवरचा सिनेमा नवं वर्क, पण त्याच कादंबरीचं ऑडिओबुक मात्र त्याच वर्कचं दुसरं एक्स्प्रेशन. हे दोन तरी लीडरच्या (रेकॉर्डच्या सुरुवातीच्या ठरावीक ओळीच्या) ०६ व्या जागेवरून ओळखता येतात, सिनेमाला जी, वाचनाच्या रेकॉर्डिंगला आय.

एक्स्प्रेशनच्या पातळीवर फार खोल जाऊ नका असं मी सगळ्यांनाच सांगतो. मॉडेल म्हणतं की मजकूर बदलला की एक्स्प्रेशन बदललं, पण ‘सुधारित दुसरी आवृत्ती’ मधे खरंच काय सुधारलंय, मजकूर बदललाय का फक्त मुखपृष्ठ, हे २५० (आवृत्तीचं फील्ड) वाचून कळत नाही. वर्क अधिक भाषा अधिक कंटेंट टाइप (छापील मजकूर की ध्वनी वगैरे) अधिक अनुवादक एवढ्या चार गोष्टींवर एक्स्प्रेशनची की बनवा आणि थांबा. अनुवादकाचं नाव नसेल तर ‘अनुवादक अज्ञात’ असं एक सरसकट एक्स्प्रेशन करा, पुढे कुणी पुस्तक हातात घेऊन बघेल तेव्हा फुटेल ते. वाचकालाही साधारण एवढंच हवं असतं, माझ्या भाषेतलं दाखव आणि त्यातलं नवीन आधी दाखव.

आयएसबीएनवरून जोडता येईल का असं प्रत्येकजण विचारतो. पुरावा म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. जुने दहा अंकी आधी तेरा अंकी करून घ्या, शेवटचा तपासणी अंक काढायचा, पुढे ९७८ लावायचे आणि नवा तपासणी अंक काढायचा, नाहीतर २००७ च्या आधीचे आणि नंतरचे जुळणारच नाहीत. ९७९ ने सुरू होणाऱ्यांना दहा अंकी रूप नसतं, तिथं उलटा प्रवास करायला जाऊ नका. पण प्रकाशक जुना नंबर नव्या पुस्तकाला चिकटवतात, आणि संचाचा एकच नंबर सगळ्या खंडांच्या रेकॉर्डमधे बसलेला असतो. त्यात साखळीचा धोका आहे. अ आणि ब आयएसबीएनवरून जुळले, ब आणि क शीर्षकावरून, क हा तीन कादंबऱ्यांचा एकत्रित ग्रंथ आणि त्याच्या ७०० मधे तिन्ही शीर्षकं सबफील्ड टी मधे, झालं, त्या लेखकाच्या तिन्ही कादंबऱ्या एक वर्क. असे महाकाय क्लस्टर हमखास बनतात. म्हणून दोन रेकॉर्ड एकत्र करायला दोन स्वतंत्र पुरावे मागा, आणि एका ठरावीक आकारापेक्षा मोठा क्लस्टर झाला की तो आपोआप मान्य न करता तपासणीला पाठवा.

एकत्रित ग्रंथांबद्दल इफ्लाच्या गटाचा २०११ चा अहवाल आणि नंतर एलआरएम ह्यांनी बरीच स्पष्टता आणलीये, एकत्रित ग्रंथ म्हणजे अनेक एक्स्प्रेशन एका मॅनिफेस्टेशनमधे. म्हणजे असा रेकॉर्ड क्लस्टरिंगमधे भागच घेत नाही, तो प्रत्येक कादंबरीच्या वर्कला बाहेरून जोडला जातो. ७०० चा दुसरा इंडिकेटर २ असेल आणि सबफील्ड टी असेल तर हे आपोआप होतं. फक्त ५०५ मधे अनुक्रमणिका एका लांब ओळीत टाकलेली असेल तर ती तूर्त तशीच शोधण्यापुरती ठेवा, ती फोडत बसलात तर वर्ष जाईल. नियतकालिकंही बाजूला काढा, लीडरच्या ०७ व्या जागी एस, एलआरएममधे प्रत्येक नियतकालिक स्वतंत्र वर्कच धरतात.

चुकीचं जोडणं आणि जोडायचं राहून जाणं ह्या दोन चुका सारख्या नाहीत. राहून गेलं तर वाचकाला दोन ओळी दिसतात, आजही दिसतातच. चुकीचं जोडलं तर एक पुस्तक दुसऱ्याच्या पोटात गडप होतं, वर्कवर मागणी नोंदवली की भलतंच पुस्तक काउंटरवर येतं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे शंका असेल तिथं जोडू नका. तसंही धास्ती घेण्यासारखं नाही, ओसीएलसीच्या लोकांनी २००३ मधे वर्ल्डकॅट ह्या त्यांच्या सामायिक कॅटलॉगच्या नमुन्यावर मोजलं तेव्हा सुमारे ७८ टक्के वर्कना एकच मॅनिफेस्टेशन निघालं होतं. म्हणजे बहुतेक वर्कच्या बाबतीत जोडायला काही नाहीच. सगळी लढाई उरलेल्यांची, आणि त्यातही अभिजात लेखक, धर्मग्रंथ, नाटकं, क्रमिक पुस्तकं इथं. तुमच्या कॅटलॉगमधे सर्वांत जास्त रेकॉर्ड असलेले लेखक काढा, तिथून हातानं सुरुवात करा, वाचकाला फरक दिसतो तो तिथंच.

बिबफ्रेम की एलआरएम. बिबफ्रेम २.० मधे तीनच पातळ्या आहेत, वर्क, इन्स्टन्स, आयटम, आणि त्यातलं वर्क हे एलआरएमच्या वर्क आणि एक्स्प्रेशनचं मिश्रण आहे, म्हणजे मराठी भाषांतर हे वेगळं बिबफ्रेम वर्क. वरचं छत्र म्हणून हब नावाची गोष्ट आहे. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसची मोफत कन्व्हर्टर स्क्रिप्ट मूलतः एका रेकॉर्डचं एक वर्क बनवते, ती क्लस्टरिंग करत नाही. लोक ती चालवतात, दोन लाख रेकॉर्ड आत, दोन लाख वर्क बाहेर, आणि मग विचारतात की सर्चमधे पंचवीस ओळी अजून का दिसतायत! ती स्क्रिप्ट वाईट नाही, पण ते तिचं कामच नाही. स्वीडनच्या लिब्रिसनं २०१८ मधे अख्खा राष्ट्रीय कॅटलॉग बिबफ्रेमवर नेला, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं डेटा बीएनएफ हे पोर्टल २०११ मधे वर्कची स्वतंत्र पानं देऊन सुरू केलं, तेव्हा दोन्ही वाटांनी जाता येतं. तुम्हाला बाहेर डेटा द्यायचाय आणि सप्लायर बिबफ्रेम बोलतोय तर ते घ्या. पण आतल्या टेबलांमधे चारही पातळ्या वेगळ्या ठेवा, कारण चारातून तीन करता येतात, तिनातून चार करताना परत अंदाजच बांधावा लागतो.

आता टेबलांचं. मूळ मार्क रेकॉर्ड जसाच्या तसा जपून ठेवा, कायम, आणि सगळं मॉडेल त्यातून पुन्हा पुन्हा बनवता आलं पाहिजे. माणसानं घेतलेले निर्णय वेगळ्या टेबलात, ‘हे दोन जोडायचेच’ आणि ‘हे दोन कधीच जोडायचे नाहीत’, सोबत कुणी आणि कशाच्या आधारावर. प्रत्येक वेळी क्लस्टरिंग नव्यानं चालवलं की हे टेबल शेवटचा शब्द, नाहीतर ग्रंथपालांनी तीन महिने खपून सोडवलेल्या गाठी एका रात्रीत परत बसतात आणि मग ते तुमच्याशी बोलत नाहीत. वर्कचा आयडी कीवरून बनवू नका, की सुधारली की आयडी बदलेल आणि बाहेरच्या सगळ्या लिंक मरतील. अर्थहीन नंबर द्या, दोन वर्क एकत्र झाली तर एका नंबरवरून दुसऱ्याकडे वळवा, फुटलं तर जास्त रेकॉर्ड ज्या बाजूला त्या बाजूला जुना नंबर राहू द्या.

तपासणीसाठी सरसकट नमुना घेतला तर त्यात बहुतेक एकटे रेकॉर्डच येतात आणि निकाल भारी दिसतो, फसायला होतं. मुद्दाम अवघड गठ्ठे निवडा, दोन ग्रंथपालांना एकमेकांचं न बघता हातानं क्लस्टर करायला सांगा, आणि आधी त्या दोघांचं किती जुळतं ते बघा. जिथं त्यांचंच जुळत नाही तिथं मशीनला दोष देण्यात अर्थ नाही, तिथं आधी नियम लिहून काढायला हवा. संगीताच्या रेकॉर्डिंग मोठ्या संख्येनं असतील तर त्या पहिल्या फेरीत घेऊच नका, एका सीडीवर आठ-दहा वर्क, १०० मधे कधी गायक कधी संगीतकार, आणि शीर्षक नुसतं ‘सिम्फनी क्रमांक ५’, त्यांचे नियम पुस्तकांच्या नियमांत घुसडले की दोन्हीकडचा निकाल बिघडतो.